जुनं जलविद्युत केंद्र बघायला जाताय? पाण्याच्या वाटेनं चला

जुन्या जलविद्युत केंद्राचं संग्रहालय झालं की तिथे येणारे बहुतेक लोक मोठ्या दरवाजातून थेट मशिन हॉलमध्ये शिरतात. उंच खिडक्या, चकचकीत फरशी, ओळीनं मांडलेले जनरेटर बघून ‘बापरे!’ म्हणतात, चार फोटो काढतात आणि अर्ध्या तासात बाहेर. काय बघितलं विचारलं तर ‘केवढाली मशिनं होती’ एवढंच सांगता येतं. यात बघणाऱ्यांची चूक थोडीच आहे. संग्रहालयाचा दरवाजा गोष्टीच्या मधोमध उघडतो, म्हणून असं होतं. केंद्राची गोष्ट नदीच्या वरच्या अंगाला किंवा डोंगरमाथ्यावर सुरू होते आणि हॉलच्या कितीतरी खाली, पाणी पुन्हा नदीला मिळतं तिथे संपते.

तेव्हा हा लेख ज्यांनी असं केंद्र कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. इंजिनियरिंग येण्याची गरज नाही. पाणी ज्या क्रमानं गेलं त्याच क्रमानं आपण जायचं, एवढी एकच शिस्त पाळायची.

१. निघण्यापूर्वी: केंद्र बंद आहे की चालू?

हे आधी शोधून काढा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. काही केंद्रं कायमची बंद होऊन पूर्णपणे संग्रहालय झालेली आहेत. कॅनडातलं नायगारा पार्क्स पॉवर स्टेशन तसं आहे. १९०५ मध्ये सुरू झालं, २००६ पर्यंत चाललं आणि २०२१ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. नॉर्वेत र्‍युकानजवळचं व्हेमॉर्क, त्याच देशातलं टिस्सेडाल, अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं फॉल्सम ही त्याच जातीची. अशा ठिकाणी तिकीट काढून आपल्या गतीनं फिरता येतं, यंत्राच्या जवळ जाता येतं, कुठे कुठे आतही डोकावता येतं.

दुसरा प्रकार म्हणजे अजून वीज बनवत असलेलं केंद्र, ज्याचा जुना भाग पाहुण्यांना दाखवतात. तिथे ठरावीक वेळेची मार्गदर्शित फेरी असते, ओळखपत्र मागतात, कॅमेऱ्यावर बंधनं असतात आणि देखभालीचं काम निघालं की फेरी रद्दही होते. मात्र पायाखालची थरथर आणि कानात भरून राहणारा आवाज इथेच मिळतो. बंद केंद्र तुम्हाला समजून घ्यायला वेळ देतं आणि चालू केंद्र अनुभव देतं. पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत बंद केंद्राच्या बाजूनं.

वेळ किमान दोन तास धरा. बोगदा किंवा डोंगरावरचे नळ बघायचे असतील तर अर्धा दिवस. बऱ्याच केंद्रांत हॉल रोज उघडा असतो, पण बोगदा, तळघर, वरचा जलाशय यांच्या वेळा वेगळ्या असतात, आणि त्यांचं तिकीटही वेगळं असू शकतं. संकेतस्थळावर फक्त ‘उघडण्याची वेळ’ बघून निघालात तर नेमका चांगला भाग हुकेल. थंड देशांत हिवाळ्यात तास कमी होतात, तेही बघून घ्या.

पादत्राणांबद्दल मात्र आग्रहानं सांगतो. आतले जिने अरुंद, खडे आणि लोखंडी असतात. मधल्या मजल्यांची जमीन पुष्कळदा जाळीची असते, म्हणजे खाली दोन मजले आरपार दिसतात. टाच असलेली चप्पल त्या जाळीत अडकते. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी तिकिटाच्या खिडकीवरच विचारावं, बहुतेक ठिकाणी दुसरी वाट असते. जमिनीखाली गारवा आणि ओल असते, म्हणून बाहेर ऊन असलं तरी एक जाकीट बरोबर ठेवा. पेसमेकर असलेल्यांनी चालू केंद्रात जाण्यापूर्वी डॉक्टरांना आणि केंद्रालाही विचारावं, कारण जनरेटरभोवती चुंबकीय क्षेत्र तीव्र असतं.

२. हॉलकडे पाठ करा आणि पाणी शोधा

आवारात पोचल्यावर पहिला प्रश्न: पाणी कुठून येत होतं? मान वर करा. डोंगराच्या कडेनं खाली उतरणारे जाड पोलादी नळ दिसले तर ते पेनस्टॉक. दिसले नाहीत तर पाणी जमिनीखालून किंवा इमारतीच्या मागच्या हौदातून येत असणार. नायगाराला तसंच आहे. नदीचं पाणी केंद्राच्या दारातच वळवून घेतलेलं आणि तिथून ते सरळ जमिनीच्या पोटात सोडलेलं.

पाणी आत घेण्याच्या तोंडाशी लोखंडी गजांची एक मोठी जाळी असते. तिला ट्रॅश रॅक म्हणतात. लोक तिच्याकडे बघतही नाहीत, पण केंद्रातल्या कामगारांना सगळ्यात जास्त पिडणाऱ्या गोष्टींत ती अग्रक्रमानं येते. पालापाचोळा, ओंडके, थंड प्रदेशात बर्फाचे तुकडे, सगळं इथे अडकतं. जाळी तुंबली की पाण्याच्या जोरानं फिरणाऱ्या चाकाला, म्हणजे टर्बाइनला, पाणी कमी पडतं आणि वीज घटते. ती साफ करायची लांब दांड्यांची दाताळी जवळपास भिंतीला टांगलेली दिसली तर तिची लांबी बघा. पाणी किती खोल होतं ते त्यावरून कळतं.

आता पाणी किती उंचीवरून पडत होतं ते विचारा. इथले लोक त्याला ‘हेड’ म्हणतात आणि केंद्राबद्दल एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर तो हाच. त्यासोबत दर सेकंदाला किती घनमीटर पाणी येत होतं हे कळलं की वीज किती बनत असेल याचा तोंडी हिशेब करता येतो. हेड मीटरमध्ये, पाणी घनमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार आणि त्याला आठनं गुणा. उत्तर साधारण किलोवॉटमध्ये येतं. १०० मीटर हेड आणि सेकंदाला १० घनमीटर पाणी म्हणजे सुमारे ८,००० किलोवॉट. खरा आकडा ९.८१ आहे, पण घर्षण आणि यंत्रातली घट धरून आठ बरा पडतो.

हिशेब उलटाही चालतो. व्हेमॉर्क १९११ मध्ये सुरू झालं तेव्हा १०८ मेगावॉटचं होतं आणि जगातलं सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र होतं. हेड सुमारे ३०० मीटर. १,०८,००० भागिले २,४०० म्हणजे सेकंदाला ४५ घनमीटर पाणी. इमारतीमागच्या उतारावर नळांची रांग का लागते ते या एका भागाकारात कळतं.

हे पाणी आलं कुठून, हेही त्याच जागी उभं राहून विचारावं. र्‍युकानचा धबधबा १०४ मीटर उंचीचा. तो बघायला लांबून प्रवासी येत, चित्रकार तिथे बसून चित्रं काढत. केंद्र झालं आणि ते पाणी नळात गेलं. आज धबधब्याच्या जागी बहुतेक काळ ओला-कोरडा कडाच दिसतो. संग्रहालयाच्या माहितीफलकावर ही गोष्ट असते, पण मोठ्या अक्षरांत असेलच असं नाही. कुठल्याही केंद्रात गेलात तर आधी इथे काय होतं आणि कोणाचं होतं, हे विचाराच. धबधबा, माशांची वाट, गाव, शेतं, काही ना काही गेलेलं असतंच.

नळांच्या वरच्या टोकाला एखादा मनोरा किंवा उघड्या तोंडाची विहीर दिसली तर तो सर्ज टँक. घरातला नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन वाजतो ना, तेच इथे हजारो टन पाण्याच्या बाबतीत होतं. टर्बाइन अचानक थांबवलं तर बोगद्यातून वेगानं येणाऱ्या पाण्याला जायला जागा राहत नाही आणि त्याचा धक्का पोलादी नळ फोडू शकतो. सर्ज टँकमध्ये ते पाणी वर चढतं, डचमळतं आणि शांत होतं. टिस्सेडालला या नळांच्या कडेनं मार्गदर्शकाबरोबर वरपर्यंत चढून जायची सोय आहे. कड्यावरून लोखंडी पायऱ्या आणि दोराच्या आधारानं जायचं असतं, तेव्हा दम आणि डोकं दोन्ही शाबूत असेल तरच.

३. मग टर्बाइन

आता आत चला, पण जनरेटरपाशी थांबू नका. खाली जाणारा जिना शोधा. पाणी आणि यंत्र यांची गाठ पडते ती जागा खाली आहे, आणि सगळ्या भेटीत जास्तीत जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं ते इथेच.

टर्बाइनचे तीन प्रकार ओळखता आले तर पुरे. खूप उंचावरून येणारं थोडं पाणी असेल तर पेल्टन. अमेरिकेत लेस्टर पेल्टन यानं १८८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मध्यम उंची असेल तर फ्रान्सिस. जेम्स फ्रान्सिस यानं मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल इथे १८४८ च्या सुमारास ते घडवलं. उंची कमी आणि पाणी भरपूर असेल तर कॅपलान, ज्याची पाती फिरताफिरता आपला कोन बदलतात. ते ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर कॅपलानचं, १९१३ चं. म्हणजे विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच्या केंद्रात कॅपलान दिसलं तर समजा, ते मागाहून बसवलेलं आहे.

संग्रहालयात एखादं पेल्टन चाक बाहेर काढून ठेवलेलं असेल तर त्याच्यापाशी खाली बसा. चाकाच्या कडेला पेल्यांची माळ असते. प्रत्येक पेल्याच्या मधोमध उभी धारदार कड आहे. नोझलमधून सुटलेला पाण्याचा झोत त्या कडेवर आपटून दोन भागांत फाटतो, दोन्ही बाजूंच्या खोलगट भागातून वळसा घेतो आणि जवळपास उलट्या दिशेला बाहेर पडतो. ३०० मीटर हेडवर हा झोत ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास वेगानं येतो. पेले त्याच्या साधारण निम्म्या वेगानं पळत असतात, म्हणून पेल्यातून सुटताना पाण्यात जवळजवळ वेगच उरत नाही. सगळी ताकद चाकाला दिली आणि ते खाली गळून पडलं. पेल्याच्या बाहेरच्या ओठाला एक खाच असते, ती नजरेतून सुटू देऊ नका. ती नसती तर पुढे येणाऱ्या पेल्याची पाठ झोतावर आपटली असती.

आता परवानगी असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. पृष्ठभागावर खरबरीत, मधमाश्यांच्या पोळ्यागत खड्डे दिसतील. फ्रान्सिसच्या पात्यांच्या मागच्या बाजूला ते हमखास असतात. पाण्याचा दाब एकदम घटतो तिथे वाफेचे बारीक बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की ते पोलादाला चिकटून फुटतात. एकेक फुटणं नगण्य, पण अशी कोट्यवधी झाली की पोलाद कुरतडलं जातं. त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. खड्ड्यांशेजारी थोड्या वेगळ्या रंगाचे, घासून गुळगुळीत केलेले ठिगळासारखे भाग असतील तर ते वेल्डिंग करून भरलेले घाव. कोणीतरी त्या कोंदट जागेत आडवं पडून ते भरलेले आहेत. नदीत वाळू जास्त असेल तर पेल्यांची कड आणि झोत कमी-जास्त करणारी नोझलमधली सुईही झिजलेली दिसते.

टर्बाइनशेजारीच गव्हर्नर असतो. जुन्या यंत्रात फिरणारे दोन गोळे आणि त्याखाली तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या. शहरात दिवे लागले की यंत्रावर भार येतो, वेग कमी व्हायला बघतो, गोळे थोडे आत येतात आणि दट्ट्या पाण्याची वाट उघडतो. भार उतरला की उलट. यात एक मेख आहे. मघाशी सांगितलं तसं पाणी झटकन थांबवता येत नाही. म्हणून पेल्टनमध्ये एक पत्रा असा बसवलेला असतो की गरज पडल्यास तो झोतात आडवा येऊन पाणी बाजूला वळवतो, चाकाला लागूच देत नाही. सुई मग सावकाश बंद होते. हा पत्रा मार्गदर्शकाला दाखवायला सांगा. बरेचदा तो दाखवायचा राहून जातो.

नायगाराला मात्र एक गंमत आहे. तिथे टर्बाइन खोल खड्ड्याच्या तळाशी आणि जनरेटर वर हॉलमध्ये. दोघांना जोडणारा उभा दांडा कित्येक मजले उंच आहे. हॉलमध्ये उभे राहून जनरेटर बघता तेव्हा निम्मं यंत्र तुमच्या पायाखाली असतं. काचेच्या लिफ्टनं ५५ मीटर खाली जाताना ते सगळे मजले ओळीनं दिसतात, म्हणून लिफ्टमध्ये फोनमध्ये डोकं घालू नका.

४. आता हॉल

एवढं करून वर आलात की हॉल वेगळा दिसायला लागतो. जनरेटरवरची पितळी पाटी शोधा आणि तिच्यावरचे तीन-चार आकडे वाचा: फेरे, व्होल्ट, हर्ट्झ (विजेची लहर सेकंदाला किती वेळा वर-खाली होते) आणि यंत्राची ताकद सांगणारे किलोवॉट किंवा केव्हीए. जुन्या पाट्यांवर हॉर्सपॉवर असते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट.

मिनिटाला किती फेरे आणि हर्ट्झ किती हे कळलं तर यंत्रात चुंबकाचे ध्रुव किती ते काढता येतं. हर्ट्झला १२० नं गुणा आणि फेऱ्यांनी भागा. नायगाराच्या आरंभीच्या यंत्रांवर २५० फेरे आणि २५ हर्ट्झ आहेत. ३,००० भागिले २५०, म्हणजे १२ ध्रुव. आज जगात ५० आणि ६० हर्ट्झ चालतात, मग हे २५ कुठून आलं? नदीच्या अमेरिकेकडच्या काठावर १८९५ मध्ये सुरू झालेल्या अॅडम्स केंद्रात टर्बाइनचे फेरे आधीच २५० ठरून गेले होते. त्या फेऱ्यांवर ध्रुवांची जी सम संख्या घ्याल त्यानुसार हर्ट्झ ठरणार. आठ घेतले तर १६ पूर्णांक दोन तृतीयांश, सोळा घेतले तर ३३ पूर्णांक एक तृतीयांश. दोन मतांमध्ये बाराची तडजोड झाली. २५ हर्ट्झवर मोठ्या मोटारी छान चालतात, पण दिव्यांची लुकलुक डोळ्यांना जाणवते. एकदा अशा वीजजाळ्यावर कारखाने उभे राहिले की बदलणं अवघड जातं, म्हणून ती वीज त्या भागात शंभर वर्षं टिकून राहिली.

जनरेटरच्या टोकाला किंवा डोक्यावर एक छोटं यंत्र जोडलेलं असतं. तो एक्सायटर. मोठ्या चुंबकांना लागणारी एकदिश वीज तो पुरवतो. म्हणजे वीज बनवायला आधी थोडी वीज लागते. पूर्ण अंधारातून केंद्र सुरू करायचं तर ती कुठून आणत, हा प्रश्न विचारा. उत्तर केंद्रागणिक बदलतं आणि बहुधा त्यातून एखादी चांगली गोष्ट निघते.

उभ्या दांड्याची यंत्रं असतील तर आणखी एक विचारा: एवढं वजन कशावर तोललेलं आहे? थ्रस्ट बेअरिंगवर, आणि ते ज्या तेलावर तरंगतं त्याचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. अल्बर्ट किंग्जबरी यानं बनवलेलं या प्रकारचं बेअरिंग १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या होल्टवूडच्या केंद्रात बसलं आणि त्यानंतर उभी यंत्रं मोठी करण्यातली धास्ती गेली. यंत्र थांबवताना वेग फार कमी झाला की हा तेलाचा थर तुटतो, म्हणून जनरेटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, म्हणजे रोटरच्या, खाली ब्रेक असतात. त्यांचे झिजलेले ठोकळे कुठे ठेवलेले दिसले तर ते हेच.

वर बघा. छताखालून हॉलच्या लांबीभर फिरणारी क्रेन असते आणि तिच्या तुळईवर टनांचा आकडा रंगवलेला असतो. तो आकडा ठरतो केंद्रातल्या सगळ्यात जड अखंड वस्तूवरून, म्हणजे बहुतेक वेळा रोटरवरून. हॉलची उंचीही त्यातूनच आली आहे. रोटर उचलून शेजारच्या यंत्रावरून न्यायचा तर तेवढी जागा हवीच.

खिडक्यांची गोष्ट थोडी वेगळी. उजेड आणि हवा हवी होती हे खरं, पण कमानी, दगडी खांब, नक्षीदार फरशी यांची यंत्राला काही गरज नसते. वीज ही तेव्हा नवी आणि काहीशी भीतीदायक गोष्ट होती आणि कंपन्यांना भांडवलदारांवर छाप पाडायची होती. पुढच्या काळातली काँक्रीटची केंद्रं बघितलीत की फरक लगेच कळेल. मला स्वतःला तीही आवडतात, पण फोटो जुन्यांचेच चांगले येतात.

५. कंट्रोल रूममध्ये बसायला जागा असेल तर बसा

ही खोली बहुधा हॉलच्या वर, गॅलरीच्या बाजूला असते. भिंतीएवढे फलक संगमरवराचे किंवा पाटीच्या काळ्या दगडाचे. दगड दिमाखासाठी नाही, तो वीज वाहू देत नाही आणि जळत नाही म्हणून. त्यावर पितळी चौकटीतले गोल काट्याचे मीटर आणि सगळ्यात जुन्या फलकांवर चक्क उघडे तांब्याचे चाकूस्विच. बोट चुकलं की संपलं.

फलकावर दोन-तीन साधे दिवे किंवा एकच काटा असलेला घड्याळासारखा मीटर शोधा. इथे केंद्रातलं सगळ्यात नाजूक काम चालायचं. एक जनरेटर चालू आहे, दुसरा त्याला जोडायचा आहे. पण दोघांच्या विजेची लहर एकाच क्षणी वर आणि एकाच क्षणी खाली जायला हवी, तरच जोडणी होते. जुनी पद्धत अशी की दोन्हींच्या मधे दिवे लावायचे. वेग जुळत नसेल तर दिवे भराभर उजळतात आणि विझतात. ऑपरेटर नव्या यंत्राचं पाणी केसभर कमी-जास्त करतो. लुकलुक मंदावत जाते. दिवा सावकाश उजळतो, सावकाश मावळतो. तो पुरता मावळायच्या बेताला आला की स्विच टाकायचा. नेमक्या क्षणी टाकला तर हॉलमध्ये काहीच ऐकू येत नाही. चुकला तर सगळं यंत्र हादरतं, दांडा पिळवटू शकतो आणि ऑपरेटरचं नाव पुढची कित्येक वर्षं पाळीपाळीत निघतं.

काही संग्रहालयांत हे करून बघायला नकली फलक ठेवलेला असतो. मुलांना आधी करू द्या. ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

फलकाच्या टेबलावर लॉगबुक उघडं ठेवलेलं असेल तर एक पान नीट वाचा, भाषा येत नसली तरी. दर तासाचे आकडे आहेत, अक्षर पाळीनुसार बदलतं. रात्री भार खाली जातो, पहाटे वर चढतो. गाव कधी उठत होतं ते रकान्यात दिसतं.

६. ही वीज गेली कुठे?

हा प्रश्न विसरला की केंद्र नुसतं यंत्रांचं गोदाम वाटतं. फॉल्समचं उत्तर सरळ आहे. १३ जुलै १८९५ ला तिथून ११,००० व्होल्टवर वीज निघाली आणि ३५ किलोमीटरवरच्या सॅक्रामेंटो शहरात पोचली. वीज एवढ्या लांब नेता येते हे तेव्हा अप्रूप होतं. तिथला ट्रान्सफॉर्मरचा भाग त्यामुळे जनरेटरइतक्याच आस्थेनं बघावा.

नॉर्वेचं उत्तर वेगळं. वीज लांब नेण्यापेक्षा कारखाना धबधब्यापाशी आणणं सोपं होतं. १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो कंपनी स्थापन झाली ती हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्यासाठी. क्रिस्टियान बिर्केलान आणि साम आयडे यांची पद्धत विजेच्या प्रचंड ठिणगीतून हवा नेण्याची, आणि ती वीज अक्षरशः पिऊन टाकायची. व्हेमॉर्क आणि त्याच्याखालचं र्‍युकान गाव यातूनच उभं राहिलं. दरी इतकी खोल की हिवाळ्यात गावात महिनोन्महिने ऊन उतरत नाही. कंपनीनं १९२८ मध्ये लोकांना वर उन्हात नेण्यासाठी रोपवे बांधला आणि २०१३ मध्ये डोंगरावर आरसे बसवले गेले, त्यांनी चौकात ऊन पडायला लागलं. हा सगळा परिसर २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

व्हेमॉर्कला येणाऱ्या पुष्कळ लोकांना खरं तर दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट ऐकायची असते. केंद्रासमोरच्या हायड्रोजनच्या कारखान्यात जड पाणी (जड प्रकारच्या हायड्रोजनचं पाणी) तयार व्हायचं आणि जर्मन अणुसंशोधनाला ते हवं होतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये योआखिम रोन्नेबर्गच्या नेतृत्वाखाली नॉर्वेजियन कमांडोंनी पहारा असलेला पूल टाळला, दरीत उतरून गोठलेली नदी ओलांडली, पलीकडचा कडा चढून रेल्वेमार्गानं आत शिरले आणि जड पाण्याची यंत्रणा उडवून दिली. आज तुम्ही त्याच दरीवरचा झुलता पूल चालत ओलांडून संग्रहालयात जाता. पुलाच्या मधोमध थांबून खाली बघितलंत तर ते कसे चढले असतील याचा अंदाज येतो. तो कारखाना १९७७ मध्ये पाडला, पण त्याचं गाडलं गेलेलं तळघर पुन्हा खणून काढून लोकांसाठी खुलं केलं आहे. गोष्ट थरारक आहेच, पण तिच्या नादात जनरेटर हॉल घाईत उरकू नका. कारखाना तिथे का होता, याचं उत्तर हॉलमध्येच आहे.

७. माणसांशी बोला

अशा संग्रहालयांत पुष्कळदा केंद्रातून निवृत्त झालेली माणसं मार्गदर्शक किंवा स्वयंसेवक म्हणून भेटतात. त्यांना ‘किती मेगावॉट’ विचारू नका, ते पाटीवर आहे. सगळ्यात जास्त काय बिघडायचं? रात्रपाळीला एकटं बसावं लागायचं का? यंत्राच्या आवाजावरून काय ओळखायचात? या तीन प्रश्नांवर अर्धा तास कसा जातो कळत नाही. ज्यांनी केंद्र चालवलं त्यांना आवाजातला बारीकसा बदलही कळायचा.

दृक्‌श्राव्य खेळ असेल तर तो शेवटी बघा. आधी बघितला तर खऱ्या यंत्रांपुढे उभं राहिल्यावरही डोळ्यांत पडदाच राहतो. जुन्या यंत्रांना हात लावण्याआधी विचारा. आवरणांत अॅस्बेस्टॉस आणि तेलात विषारी रसायनं असू शकतात, म्हणून काही भाग दोरी लावून बंद ठेवलेले असतात. नदीच्या खालच्या अंगाला केंद्र अजून पाणी सोडत असेल तर भोंग्याची सूचना लावलेली असते. भोंगा झाला की काठावरून तत्काळ वर यायचं, फोटो राहू द्यायचा.

८. शेवटी पाण्याबरोबर बाहेर

वापरून झालेलं पाणी नदीत परत जातं त्या वाटेला टेलरेस म्हणतात. फार थोड्या ठिकाणी ती बघता येते. जिथे येते तिथे सोडू नका. नायगाराला २०२२ पासून हा बोगदा खुला आहे. लांबी ६७० मीटर, विटांचं अस्तर, कमानदार छत. कंदिलांच्या उजेडात, सुरुंग, कुदळी आणि फावड्यांनी तो खणायला माणसांना चार वर्षं लागली. शंभर वर्षं इथून टर्बाइनमधलं पाणी धो धो वाहत होतं, आता तुम्ही त्याच दिशेनं कोरड्या पायानं चालता. दुसऱ्या टोकाला नदीच्या पातळीवर सज्जा आहे आणि समोर हॉर्सशू धबधब्याचा पायथा. वर हॉलमागे जे पाणी केंद्रात शिरत होतं, ते इथे बाहेर पडत होतं.

सज्जावर तुषार येतात, कॅमेरा पिशवीत ठेवा. बोगद्यातून तेवढंच अंतर चालत परत यायचं आहे हे लक्षात असू द्या, कारण बाहेर पडायची दुसरी वाट नाही. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर सज्जावर थोडं बसून निघा. आणि वर जाणारी शेवटची लिफ्ट किती वाजता आहे, ते खाली उतरण्यापूर्वीच विचारून ठेवा.